प्रयोगाच्या आधीच्या प्रवासाचे पैसे कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कलासंस्थांच्या परदेश दौऱ्यांविषयी आपल्या पुरवणीत अधूनमधून छापून येतं, ते मी आवर्जून वाचते. फोटो बहुतेक एकाच धाटणीचा असतो: प्रयोग संपलेला, दोन देशांचे कलावंत हातात हात घालून रंगमंचावर उभे, मागे दोन झेंडे. फोटोबद्दल माझं काही म्हणणं नाही, आमच्याही कार्यालयाच्या भिंतीवर तसा एक आहे. माझी तक्रार आहे ती प्रवासाची अनुदानं देणाऱ्यांबद्दल, कारण ते पैसे देतात ते या फोटोसाठी. फोटोच्या दोन-तीन वर्षं आधी कुणीतरी एकटंदुकटं तिकडे जाऊन माणसं पाहून आलेलं असतं, त्यांची तालीम कोपऱ्यात बसून बघून आलेलं असतं. त्या जाण्यासाठी अनुदान मागायला गेलं की घोडं पेंड खातं.

मी एका छोट्या नाट्यसंस्थेची व्यवस्थापक आहे. रंगमंचावर मी जाते ती प्रयोगानंतर सामान मोजायला. अर्ज, हिशेब, तिकिटं, व्हिसा, विमा, सामानाच्या याद्या ही माझी कामं. त्यामुळे आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक भागीदारीबद्दल भाषणात जे बोलतात त्यातलं मला फारसं कळत नाही, पण तिचा अर्ज कसा असतो हे मला तोंडपाठ आहे. पहिल्या पानावर संस्थेची माहिती. दुसऱ्या पानावर यजमान संस्थेचं निमंत्रणपत्र जोडा, प्रयोगाची तारीख आणि स्थळ लिहा. तिसऱ्या पानावर ‘अपेक्षित फलित’, पाच ओळींत.

आता बघा, निमंत्रणपत्र देणार कोण? जो आपल्याला ओळखतो तो. ओळख व्हायची तर आधी जायला हवं. जायचं तर अनुदान हवं आणि अनुदानासाठी निमंत्रणपत्र. यावर क्षेत्रातल्या लोकांनी आपापला तोडगा काढलेला आहे. कुणाच्या तरी ओळखीनं, सभ्यतेखातर लिहिलेलं एक पत्र मागवायचं, ज्यात ‘आपल्याबरोबर काम करण्यास आम्ही उत्सुक आहोत’ असं एक वाक्य असतं आणि ज्याला देणारा, घेणारा, वाचणारा कुणीच फारसं गांभीर्यानं घेत नाही. ज्यांच्या अशा ओळखी आहेत त्यांनाच ते पत्र मिळतं आणि ओळखी असतात त्या आधी चार वेळा जाऊन आलेल्यांच्या. नव्या संस्थेनं काय करायचं?

भागीदारी प्रत्यक्षात कशी जुळते ते इतिहासातही दिसतं. १९६३ साली युजेनिओ बार्बा हा इटालियन तरुण केरळात चेरुतुरुत्तीला कलामंडलम या कथकली शिकवणाऱ्या संस्थेत येऊन पोहोचला. तेव्हा तो पोलंडमध्ये तिथले नाट्यदिग्दर्शक ग्रोटोव्स्की यांच्याबरोबर नाटक शिकत होता. त्यानं कथकलीच्या मुलांचं पहाटेपासून चालणारं शिक्षण पाहिलं, परत जाऊन त्यावर लिहिलं. पुढच्या वर्षी ओस्लोमध्ये त्यानं ओडिन थिएटर सुरू केलं आणि १९६६ मध्ये ते डेन्मार्कमधल्या होल्स्टेब्रोला हलवलं. १९७९ मध्ये निरनिराळ्या परंपरांतल्या नटांची शरीरं रंगमंचावर कशी काम करतात याचा एकत्र अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था त्यानं काढली, तिचं पहिलं सत्र १९८० मध्ये जर्मनीत बॉनला झालं आणि ओडिसी नर्तकी संजुक्ता पाणिग्रही सुरुवातीपासून तिच्या कामात होत्या. केरळच्या त्या प्रवासासाठी बार्बांना आमच्यासारखा अर्ज भरावा लागला असता, तर ‘अपेक्षित फलित’ या रकान्यात काय लिहिणार होते ते? सतरा वर्षांनी बॉनमध्ये काहीतरी होईल, असं? तीस दिवसांत पूर्तता अहवाल सादर करा म्हटल्यावर तर सगळाच आनंद.

दुसरं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं, कारण ते आमच्यासारख्या पडद्यामागच्यांचं आहे. इटलीत पोल्वेरिजी नावाचं छोटंसं गाव आहे. तिथे रॉबेर्तो चिमेत्ता यांनी नाट्यमहोत्सव सुरू केला होता. १९८१ मध्ये त्या महोत्सवाच्या निमित्तानं निरनिराळ्या देशांतले आयोजक आणि निर्माते एकत्र बसले आणि त्यातून ‘इन्फॉर्मल युरोपियन थिएटर मीटिंग’ हे जाळं उभं राहिलं. अनौपचारिक बैठक, एवढंच नाव. आज त्यात शेकडो संस्था आहेत आणि कित्येक संयुक्त निर्मितींची पहिली बोलणी तिच्या बैठकांच्या मधल्या सुट्टीत झालेली आहेत. चिमेत्तांच्या पश्चात, १९९९ मध्ये, त्यांच्या नावानं एक निधी उभारला गेला. युरोप आणि अरब-भूमध्य प्रदेशातल्या कलाक्षेत्रातल्या माणसांना एकमेकांकडे जाण्यासाठी त्यातून प्रवासखर्च मिळू लागला. ज्यांनी हा निधी काढला त्यांना एक गोष्ट कळलेली होती: माणूस नुसता गेला तरी ते काम आहे.

नुसतं जाऊन काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी आमच्या संस्थेतलं सांगते. एका परदेशी गटाशी आमचा कित्येक महिने पत्रव्यवहार चालू होता. व्हिडिओवर बोलणं झालं, त्यांच्या रंगमंचाचा नकाशा आला, लांबी-रुंदी-उंची सगळं होतं. आमच्या नाटकात चाकांवर फिरणारा एक मोठा लाकडी चौथरा आहे, नट तो ढकलत ढकलत प्रसंग बदलतात. नकाशावर चौथरा व्यवस्थित बसत होता. प्रयोगाचं अजून काहीच ठरलेलं नव्हतं, तरी मी आणि आमचा नेपथ्यकार पदरमोड करून एकदा जाऊन आलो. रिकाम्या रंगमंचावर पाय ठेवला आणि तो दोन पावलं चालून थांबला. मला वाटलं याचं काहीतरी हरवलं. त्यानं पिशवीतून चिकटपट्टीचं रीळ काढलं, रंगमंचाच्या मागच्या भिंतीशी उभं धरलं आणि सोडून दिलं. रीळ गडगडत निघालं ते सरळ पुढे येऊन पहिल्या रांगेच्या खुर्च्यांखाली गेलं. रंगमंच उताराचा होता. मागच्या शतकांतली अशी अनेक नाट्यगृहं आहेत, मागच्या नटाचे पाय प्रेक्षकांना दिसावेत म्हणून रंगमंचाला पुढे उतार देत असत. वरून काढलेल्या नकाशात उतार दिसतच नाही. त्यांना तो सांगावासाही वाटला नव्हता, कारण जन्मभर त्यावरच काम केलेलं. आमचा चौथरा तिथे सोडला असता तर नटांसकट प्रेक्षकांत गेला असता.

त्यांचा तंत्रज्ञ हे पाहत बाजूला उभा होता. तो हसला आणि आम्हाला खाली तळघरात घेऊन गेला. तिथे त्यानं जुन्या प्रयोगांसाठी केलेल्या लाकडी पाचरी, खिट्ट्या, ब्रेक लावलेली चाकं असा संसार मांडून ठेवलेला होता. त्याला आमची भाषा येत नव्हती, आमच्या नेपथ्यकाराला त्याची. दोघं कागदावर चित्रं काढत रात्री नाट्यगृह बंद होईपर्यंत तिथेच बसले. पुढे दोन्ही संस्थांनी मिळून जे नाटक केलं त्याची कल्पना दिग्दर्शकांच्या बैठकीत सुचलेली नाही, त्या तळघरात सुचलेली आहे. उतार हाच त्या नाटकाचा विषय झाला. त्या नाटकाच्या दौऱ्याला अनुदान मिळालं, फोटोही छापून आला. तळघरापर्यंतचा प्रवास मात्र आमच्या खिशाला चाट.

याच्या उलटही सांगायला हवं. दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आल्यावर आम्ही नाही म्हणालो. पत्रांत भागीदारी होती, प्रत्यक्षात त्यांना त्यांच्या तयार नाटकात मधे मधे येऊन वाजवणारे-नाचणारे रंगीबेरंगी पाहुणे हवे होते. तालमीत बसल्यावर अर्ध्या तासात ते कळलं. वीसजणांचा संच आणि सामानाचे पेटारे घेऊन गेल्यावर कळलं असतं तर? त्या छोट्या खेपेनं वाचवलेले पैसे कुठल्याही अहवालात दिसत नाहीत. अनुदान देणाऱ्यांच्या भाषेत ती ‘निष्फळ’ भेट. माझ्या वहीत ती सगळ्यांत फायद्याची.

पाहणीचा प्रवास स्वस्त असतो तो फक्त माणसं कमी म्हणून नव्हे. प्रयोग घेऊन निघालात की कागदांचा डोंगर उभा राहतो. नेपथ्य आणि वाद्यं तात्पुरती नेऊन परत आणायची, तर सीमाशुल्क भरावं लागू नये म्हणून एटीए कार्ने लागतं. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आलेला हा दस्तऐवज एक वर्ष चालतो आणि त्यात प्रत्येक वस्तू क्रमांकासह लिहावी लागते, शिवाय अनामत वेगळी. यादीत आहे आणि पेटाऱ्यात नाही, किंवा पेटाऱ्यात आहे आणि यादीत नाही, दोन्हींत सारखाच मनस्ताप. वाद्य कुठल्या लाकडाचं हाही प्रश्न असतो. शिसवीच्या जातीतली लाकडं २०१७ मध्ये दुर्मीळ जीवजातींच्या व्यापारावरच्या साइटीस कराराच्या यादीत आली तेव्हा वादकांची जी धावपळ झाली ती आठवते. २०१९ मध्ये तयार वाद्यांना बरीचशी सूट मिळाली, हस्तिदंताचं मात्र अजूनही जपून. मग मानधनावरचा कर. बहुतेक देशांमधले करविषयक करार ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या नमुन्यावर बेतलेले असतात आणि त्यातलं सतरावं कलम सांगतं की कलावंताच्या कमाईवर जिथे प्रयोग झाला तो देश कर लावू शकतो, मग तो तिथे एकच संध्याकाळ का असेना. हे सगळं करायचं तर आनंदानं करू, पण पलीकडचा माणूस कोण हे पाहिल्यानंतर. पाहणीला जाणाऱ्याजवळ पेटारे नसतात, मानधन नसतं. एक बॅग, मोजपट्टी आणि वही.

व्हिसा तेवढा दोघांनाही चुकत नाही. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णय साधारण पंधरा दिवसांत, पण पंचेचाळीसपर्यंत लांबू शकतो. शुल्क २०२४ च्या जूनपासून ९० युरो आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. त्याच नियमांत एक बारीक सवलत आहे जी फार थोड्यांना माहीत असते: ना-नफा संस्थेच्या सांस्कृतिक किंवा शैक्षणिक कार्यक्रमाला जाणाऱ्या, ना-नफा संस्थेच्याच पंचवीस वर्षांपर्यंतच्या प्रतिनिधींना शुल्क माफ असतं. तरुण मंडळींना पाठवणाऱ्या संस्थांनी ती जरूर मागावी. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या वोमॅड या संगीत महोत्सवाच्या आयोजकांनी जाहीरपणे सांगितलं होतं की व्हिसाच्या कटकटीमुळे कलावंत निमंत्रणच नाकारू लागले आहेत. एवढ्या मोठ्या महोत्सवाची ही कथा, तर आमच्यासारख्यांचं काय विचारता! म्हणून अनुदानात व्हिसाचं शुल्क आणि नाकारल्या गेलेल्या अर्जाचा खर्चही धरला पाहिजे. आज नाकारला गेलेला व्हिसा म्हणजे ‘प्रवास झालाच नाही, सबब रक्कम देय नाही’.

आणि आता पैसे कधी मिळतात ते. पुष्कळ ठिकाणी आधी स्वतःचे खर्च करा, मग पावत्या जोडा, मग बघू. एका अनुदान देणाऱ्या ठिकाणाहून आम्हाला मंजुरीचं पत्र आलं तेव्हा ज्या संमेलनासाठी अर्ज केला होता ते संपून गेलेलं होतं. पत्रात अभिनंदन केलेलं होतं. मूळ बोर्डिंग पास जोडा ही अट तर सगळीकडे असते आणि हल्ली बोर्डिंग पास फोनमध्ये असतो. म्हणून मी सगळ्यांना विमानतळावर खिडकीशी जाऊन कागदी पास मागून घ्यायला लावते. तो ज्या गुळगुळीत कागदावर छापलेला असतो त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडून जातात. नव्या व्यवस्थापकांना माझं सांगणं असतं की पाकिटातून बाहेर येईल त्या दिवशी त्याची झेरॉक्स काढा, नाहीतर हिशेब तपासणाऱ्यापुढे कोरा कागद ठेवाल.

गमतीचा भाग सोडला तरी मुद्दा असा की खर्च करून मग परतफेड, या पद्धतीत ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत तोच जाऊ शकतो. मोठी संस्था तीन-चार महिने कळ काढते. छोट्या संस्थेतल्या कुणाला तरी घरातले पैसे घालावे लागतात आणि ज्याच्या घरात नाहीत तो अर्जच करत नाही. दुसरी पद्धत अस्तित्वात आहे. युरोपात २०२२ मध्ये ‘कल्चर मूव्ज युरोप’ ही योजना सुरू झाली, पहिल्या टप्प्यात २ कोटी १० लाख युरो आणि सुमारे ७,००० कलावंत असं तिचं माप होतं. त्या टप्प्यात ठोक दर ठरवलेले होते: पाच हजार किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला ३५० युरो, त्यापुढे ७००, राहण्याखाण्याला रोजचा भत्ता, विमान टाळून आगगाडीनं गेलात तर वरती ३५०, लहान मूल असेल तर आणखी काही. ठोक दर म्हटला की पावतीपावतीची कुस्ती संपते. अर्थात ती योजना ठरावीक देशांतल्या लोकांसाठी आहे आणि त्यातही यजमान आधी ठरलेला असावा लागतो, म्हणजे माझं दुखणं तिथेही आहेच. पण पैसे कसे द्यावेत हे त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे. आशिया-युरोप फाउंडेशननं २०१७ मध्ये ‘मोबिलिटी फर्स्ट’ सुरू करून परिषदा-बैठकांना जाण्यासाठीही मदत केली. ‘आर्ट मूव्ज आफ्रिका’नं आफ्रिकेतल्या कलावंतांना आफ्रिकेतच फिरण्यासाठी पैसे दिले, म्हणजे शेजाऱ्याला भेटायचं तर युरोपातच जावं लागेल असं होऊ नये. जिथे विचार करून योजना आखल्या तिथे असे फरक पडले.

प्रवास कुणी करायचा हाही विचार अर्ज करणाऱ्यांनीच करायला हवा, इथे दोष आमच्याही बाजूला आहे. दोन तिकिटं मिळाली की अध्यक्ष आणि दिग्दर्शक निघतात. ते दोघं भेटून येतात ती त्यांच्यासारख्यांनाच. उतार त्यांच्या पायाला लागला नसता असं मी म्हणत नाही, पण गेल्या गेल्या ते रंगमंचावर न जाता संचालकांच्या खोलीत गेले असते. दोनातलं एक तिकीट पडद्यामागच्या माणसासाठी राखून ठेवण्याची अट अनुदान देणाऱ्यानं घातली, तर अनेक संस्थांमधली भांडणंसुद्धा वाचतील.

दुसरी अट परतीच्या भेटीची हवी. आम्ही त्यांच्याकडे गेलो तर त्यांच्यातल्या कुणीतरी आमच्याकडे यायला हवं आणि त्यासाठी त्याच अनुदानात जागा हवी. श्रीमंत देशातली संस्था तिकीट काढते, म्हणून विषय तीच ठरवते, हे वर्षानुवर्षं चाललेलं आहे. युनेस्कोच्या २००५ च्या सांस्कृतिक अभिव्यक्तींच्या वैविध्याविषयीच्या कराराचं सोळावं कलम सांगतं की विकसित देशांनी विकसनशील देशांतल्या कलावंतांना आणि सांस्कृतिक क्षेत्रातल्या व्यावसायिकांना झुकतं माप द्यावं. करार २००७ मध्ये अमलात आला. व्हिसाच्या खिडकीवर मी त्या कलमाचा उल्लेख एकदा करून पाहिला होता, खिडकीमागच्या बाईंनी फार गोड हसून पुढचा कागद मागितला.

यावर नेहमीचा आक्षेप असा की मग लोक सहलीला जातील. काही जातील. प्रयोगासाठी दिलेल्या पैशातूनही काही जातातच, फक्त तेव्हा ते पंधराजण असतात. आणि व्हिडिओवर बोला की, हा दुसरा. व्हिडिओवर आम्ही रोज बोलतो, ओळख टिकवायला ते उत्तम आहे आणि विमानंही वाचतात. पण रंगमंचाचा उतार, तालमीत दिग्दर्शक नटाशी कोणत्या आवाजात बोलतो, पैशाची गोष्ट निघाली की कोण कुणाकडे बघतं, या गोष्टी कॅमेऱ्यासमोर येत नाहीत.

तेव्हा आपल्या पुरवणीच्या वाचकांत जे विश्वस्त, देणगीदार किंवा सांस्कृतिक खात्यांतले अधिकारी असतील त्यांना माझी विनंती आहे. जो निधी दौऱ्यांसाठी ठेवता त्यातला एक छोटा हिस्सा वेगळा काढा. दोन माणसं, आठ-दहा दिवस, ठोक रक्कम, निघण्याआधी हातात. निमंत्रणपत्राची अट काढून टाका, कुणाकुणाला भेटायचं आहे आणि का, हे एका पानात लिहून मागा. आल्यावर तीस दिवसांत पूर्तता अहवाल मागू नका, वर्षभरानं एक पत्र मागा: त्यातल्या कुणाशी अजून बोलणं चालू आहे? ‘कुणाशीच नाही’ हे उत्तरही चालेल असं अर्जातच छापा, म्हणजे लोक खरं लिहितील.

कळावे,

आपली एक वाचक
(व्यवस्थापक, एक नाट्यसंस्था)